जबड्याची मोटर

गोंदिया, ६ जानेवारी २०२५

टीना,

सर्वो मोटर थरथरून राहिली. नव्या पॅकिंग मशीनच्या, पिशव्या चिकटवणाऱ्या जबड्यावर बसवली आहे, साडेसातशे वॅटची. जबडा वर जाऊन थांबला की मोटर गप्प व्हायला पाहिजे, तर ती जागच्या जागी गुणगुणत राहते. सांगाड्याला हात लावला तर कंप जाणवतो. गेनचा आकडा कमी केला की मोटर मऊ पडून थरथर जाते, पण मग जबडा उशिरा पोचतो आणि तांदळाच्या पिशवीचं तोंड नीट चिकटत नाही. वाढवला की पुन्हा तेच. कंपनीच्या माणसाने फोनवर ऑटो-ट्यूनिंग करायला सांगितलं. केलं. काही फरक नाही. तुला हे पाच मिनिटांचं काम आहे. कोणता आकडा किती ठेवायचा तेवढं लिही.

हो, सर्वो. वाचून हसू आलं असेल. हस. आता मी सगळ्या पॅकिंग मशीनला सर्वोच लावतो. वर्कशॉपच्या बोर्डावर लिहून घेतलं आहे, 'सर्वोयुक्त, सुरक्षित'. गिऱ्हाईक आजकाल तेच विचारते.

तुझा पत्ता मायच्या औषधांच्या पार्सलवर सापडला. पाठवणाऱ्याचं नाव तू लिहिलं नव्हतंस, पण पत्ता लिहावाच लागतो. माझे तिन्ही नंबर तू बंद करून ठेवलेस, म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला पोस्टात रांगेत उभं राहावं लागलं. बाबूजी गेले तेव्हा तू नववीत होतीस. डिप्लोमा, मग नागपूरला इंजिनिअरिंग, सगळं मी केलं. त्याच शिक्षणावर तू आज कोइम्बतूरला बसली आहेस. एवढं लक्षात ठेव, बाकी काही मागत नाही.

माय बरी आहे. तुझं नाव घेत नाही.

आणखी एक. आमगावच्या कोर्टात सेठच्या मशीनवरच्या रुचिच्या हाताची केस आता उभी राहिली आहे. १६ एप्रिल तारीख आहे. तुला समन्स येईल. घाबरू नको. तीन वर्षांपूर्वी तू कागदावर जे लिहून दिलंस तेवढंच बोलायचं. 'जबड्याची मोटर मी निवडली.' चार शब्द. बोलून त्याच दिवशी परत गेलीस तरी चालेल.

गेनचं लवकर लिही. मशीन अडून आहे.

तुझा भाऊ
इंद्रकुमार

गोंदिया, २७ जानेवारी २०२५

टीना,

तीन आठवडे झाले. कोइम्बतूरहून पत्र यायला एवढे दिवस लागत नाहीत, मी पोस्टात विचारलं.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुला वाटते भावाने आपल्याकडून खोटं लिहून घेतलं. मग सगळं आठव, नुसतं तुझ्या सोयीचं नको.

सप्टेंबर २०२१. आमगावच्या सेठचं मशीन. तू टेबलावर दोन मोटरी ठेवून मला शिकवायला बसलीस. सतरा वर्षांनी लहान बहीण, आणि समोर माझे चार कामगार उभे.

"भाऊ, प्लास्टिक ओढायले स्टेपर लाव," तू म्हणालीस. "हलकं ओझं आहे, एकसारखं आहे. तिथं सर्वो कायले पायजे? पण जबड्याले स्टेपर नाही चालत. स्टेपरले सांगितलं हजार पावलं चाल, तर ती चालते. मधात अडकली, शंभर पावलं चुकली, तरी तिले वाटते आपण पोचलो. कोणी पाहणारं नसते. सर्वोच्या मागं एन्कोडर असते. ते पाहत राहते. नाही पोचली तर अलार्म देऊन थांबते."

मी म्हटलं, "पंधरा वर्षं मशीन बनवून राहिलो. माझ्या मशीनचा जबडा कधी अडकला नाही."

"तुझ्या मशीन मिनिटाले दहा पिशव्या करत होत्या," तू म्हणालीस. "सेठले पंचवीस पायजेत. वेगात स्टेपरची ताकद पडते, भाऊ. हे माझं नाही, त्याच्या कागदावर लिहिलं आहे."

कामगारांपैकी एक हसला. मी पाहिलं तो कोण हसला ते. त्याला मी दिवाळीनंतर काढलं.

सर्वो यायला सहा आठवडे लागणार होते, सेठला नव्या धानाच्या आत मशीन पाहिजे होतं. सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं, पोलिसांनाही. ते खोटं नाही. पण तुला दुसरं सांगतो, कारण तुला ते कळलंच असेल. सेठ तेव्हा माझ्याशी बोलणं सोडून देत होता. फोन केला की म्हणायचा, "भैया, आप रहने दो, मॅडम को भेजो." स्टेपर बिघडली तर स्क्रू ड्रायव्हर लागतो, तो माझ्याकडे होता. सर्वो बिघडली तर लॅपटॉप लागतो, तो तुझ्याकडे. एकदा सर्वो लावल्या असत्या तर दोन वर्षांत बोर्डावर फक्त माझं नाव उरलं असतं, आणि वर्कशॉप तुझं.

म्हणून स्टेपर लावली. जबड्यालाही.

ट्रायलच्या दिवशी तुला कळलं. सेठ बाहेर फोनवर होता. तू म्हणालीस, "हे मशीन देऊ नको. कोणाचा तरी हात जाईल." तेव्हा माझा हात उठला, हे मी नाकारत नाही. एकदाच. कोणी पाहिलं नाही, तुझी वहिनी नीतू होती फक्त, चहा घेऊन आलेली. मोठ्या भावाने एकदा मारलं म्हणून कोणी तीन वर्षं तोंड फिरवत नाही. बाबूजींनी मला पट्ट्याने मारलं आहे, मी त्यांचं सरण रचलं.

आणि तूही गप्प बसलीस की. दुसऱ्या दिवशी जबड्याच्या वर एक सेन्सर लावलास, जबडा पूर्ण वर गेला नाही तर मशीन थांबावं म्हणून. मला विचारलंही नाहीस. मग मशीन ट्रकवर चढताना पाहत उभी राहिलीस.

हे सगळं कोर्टात सांगायचं नाही. फक्त चार शब्द.

इंद्रकुमार

गोंदिया, १५ फेब्रुवारी २०२५

टीना,

तुझं कार्ड मिळालं. 'ट्यूनिंगचं पुस्तक मोटरच्या ड्राइव्हसोबत येतं. वाच.' खाली नाव नाही, मायला नमस्कार नाही. पोस्टमनने आधी वाचलं असणार, कार्ड देताना माझ्या तोंडाकडे पाहत होता.

पुस्तक इंग्रजीत आहे हे तुला माहीत आहे.

ठीक. मी नागपूरहून माणूस बोलावला. त्याने अर्ध्या तासात थरथर घालवली. पट्टा सैल होता म्हणाला, गेनचा दोष नव्हता. तेव्हा तुझी गरज होती असं समजू नको.

रुचिबद्दल तुला कोणी काय काय सांगितलं असेल, म्हणून मीच सांगतो. ती माझ्याकडे कामाला आहे. दोन वर्षं झाली. तिचा बाप ग्यानीराम रोज येऊन वर्कशॉपच्या फाटकासमोर नुसता बसायचा. गिऱ्हाईक विचारायचं हा कोण. मग मी पोरीला कामावर घेतलं. लेथखालचा लोखंडाचा चुरा झाडते, पाणी भरते. डाव्या हाताने झाडू धरायला शिकली आहे. उजव्या हाताला अंगठा आहे, त्यात बादलीची कडी बसते. लोक म्हणतात इंद्रकुमारने पोरीला सांभाळलं. ग्यानीराम आता येत नाही. मुलगी ज्याच्याकडे कामाला आहे त्याच्या फाटकावर कोण बसेल?

नवीन मशीनची ट्रायल असते तेव्हा मी तिला मागच्या शेडमध्ये पाठवतो. जबड्याचा आवाज आला की ती लघवीला पळते. गिऱ्हाइकासमोर ते बरं दिसत नाही.

त्या दिवशीचं तुला मी कधी नीट सांगितलं नाही, तू कागदावर सही करून निघून गेलीस. १४ डिसेंबर २०२१. सकाळची पाळी, थंडी होती, स्क्रूवरचं ग्रीस घट्ट झालं होतं. मोटर पावलं चुकवू लागली. जबडा अर्ध्यावर अडकून राहिला आणि मशीनला वाटलं तो वर आहे. पिशवी वाकडी झाली म्हणून रुचिने सरळ करायला हात घातला. पुढच्या झटक्यात जबडा खाली आला. आणि स्टेपर थांबली की घट्ट धरते, तुला माहीतच आहे, वीज असेपर्यंत सोडत नाही. जबडा तापलेला. मेन स्विच कुठे आहे ते कोणाला आठवेना.

तुझा सेन्सर चालला नाही. का चालला नाही ते मला माहीत नाही. कोंडा बसला असेल. रुचि म्हणते तिने मला सकाळी फोन केला होता. केला होता, पण सुट्टीसाठी. हेच मी पोलिसांना सांगितलं.

त्या आठवड्यात तुला मी काय म्हटलं होतं ते पुन्हा सांगतो. "बाईमाणसाले कोणी आत टाकत नाही. मी गेलो तर वर्कशॉप बंद, माय उपाशी. तू लिहून दे." तू रडत लिहिलंस, पण लिहिलंस. अक्षर तुझं आहे. आमगावच्या पोलिसांच्या फाइलमध्ये ते अजून आहे.

तिरोड्याचं ते स्थळ त्यामुळे मोडलं असं तू नीतूला म्हणाली होतीस. मोडलं ते तुझ्या जिभेमुळे.

इंद्रकुमार

गोंदिया, ९ मार्च २०२५

टीना,

माय २४ फेब्रुवारीला गेली. आज तेरावं झालं. सगळं रीतीप्रमाणे झालं, बिरसीहून नीतूच्या माहेरची सगळी माणसं आली, जेवायला तीनशे पानं होती.

तुला कळवलं नाही. विसरलो नाही, मुद्दाम कळवलं नाही. नीतू फोन करायला निघाली होती, मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तेरा दिवस दिला नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं माय बरी आहे, तुझं नाव घेत नाही. दोन्ही खोटं होतं. जानेवारीपासून ती अंथरुणावर होती आणि दिवसभर तुझंच नाव. "टीनाले बलाव." मी म्हणायचो, बोलावलं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आली का?" शेवटी मी कंटाळलो. २१ तारखेला मी तिच्या खाटेजवळ बसून फोन कानाला लावला, कोणालाच लावला नव्हता, आणि बोलल्यासारखं केलं. मग तिला म्हटलं, "माय, ती नाही म्हणते. सुट्टी नाही म्हणते."

मायने विचारलं, "काय म्हणली?"

"नाही येत म्हणाली."

ती भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने तुझं नाव घेतलं नाही. पाणीही नीतूच्याच हातून घेतलं, माझ्या हातून नाही. ती माझ्यावर रागावली होती की तुझ्यावर, ते मला कळलं नाही.

आता तू म्हणशील मी राक्षस आहे. दीड महिना मी तुझ्या एका पत्राची वाट पाहिली. तू मला एक कार्ड टाकलंस. पुस्तक वाच. बाई, तुला मायचं पाहायचं होतं तर माझा नंबर चालू ठेवायचा होता.

मायचे कानातले तुझ्यासाठी ठेवले आहेत. १६ एप्रिलला आलीस की देईन. कोर्टानंतर.

इंद्रकुमार

गोंदिया, ६ एप्रिल २०२५

टीना,

समन्स तुला पोचलं असा पोलिसाचा निरोप आहे. चांगलं झालं.

माझा वकील केशोराव साधा माणूस आहे, तो तुला फक्त दोन प्रश्न विचारेल. ही सही तुमची का? मोटर तुम्ही निवडली का? दोन्हीला हो. सरकारी वकील काही उलटसुलट विचारेल तर आठवत नाही म्हणायचं.

वेगळं काही बोललीस तर मी उठून सांगेन की पास करणारी इंजिनिअर तू होतीस आणि माझी मनाई असताना मशीन तू पाठवलंस. तुझ्या कंपनीला इथल्या निकालाची प्रत रजिस्टरने पाठवेन. तिथे तू सेफ्टीचं काम करतेस असं ऐकलं. कोणी सांगितलं ते विचारू नको.

मागची पत्रं जाळून टाक.

घरी उतर. नीतूने तुझी खोली झाडून ठेवली आहे.

इंद्रकुमार

गोंदिया, १९ एप्रिल २०२५

टीना,

तू घरी आली नाहीस. सकाळच्या गाडीने आमगावला उतरलीस आणि सरळ ग्यानीरामच्या घरी गेलीस, हे मला कोर्टाच्या चहावाल्याकडून कळलं. बारीक झालीस. केसही कापलेत. तू दारातून आलीस तेव्हा क्षणभर मी तुला ओळखलंच नाही.

केशोरावने कागद दाखवला. तू म्हणालीस, "सही माझी आहे. मजकूर भावाने सांगितला, मी लिहिला. खरा नाही."

मग सगळं. दोन मोटरी, पंचवीस पिशव्या, ताकदीचा तो तक्ता तू छापूनच आणला होतास. न्यायाधीशबाईंनी विचारलं, फरक काय, साध्या भाषेत सांगा. तू सांगितलंस. मला वाटलं होतं तू रडशील, ओरडशील, तर मला पकडता आलं असतं. तू हळू बोलत होतीस, शाळेत फळ्यासमोर उभी असल्यासारखी.

केशोराव हुशार निघाला. त्याने विचारलं, "धोका आहे हे माहीत होतं, तर तुम्ही काय केलं?"

"भावाला सांगितलं. सेन्सर लावला."

"मशीन गेली तेव्हा?"

"गप्प बसले."

"काऊन गप्प बसल्या?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली नाही, एवढं तरी मान. मला वाटलं आता थप्पड येणार. सगळं कोर्ट ऐकणार. तू एवढंच म्हणालीस, "भीती वाटली. त्यात माझी चूक आहे. रुचिच्या हातात माझाही दोष आहे, तो मी कमी करत नाही."

रुचि मागच्या बाकावर बसली होती. तू बाहेर आलीस तेव्हा तिने तुझा हात धरला, डाव्या हाताने. मी पाच हातांवर उभा होतो, कानातल्यांची डबी खिशात घेऊन. तू माझ्याजवळून गेलीस. थांबली नाहीस. नीतूने "टीना" म्हणून हाक मारली, तिच्यापाशी मात्र थांबलीस. तुम्ही दोघी काय बोललात ते नीतू सांगत नाही.

डबी परत आणली. नीतूकडे दिली.

रुचिला मी कामावरून काढलं आहे. ती म्हणाली, "मी उद्यापासून येणारच नव्हती, सर."

इंद्रकुमार

गोंदिया, ३ ऑगस्ट २०२५

टीना,

निकाल लागला. मला एक वर्ष. सेठला दंड, तो त्याने उभ्या उभ्या भरला. अपिलापर्यंत मी जामिनावर आहे. निकालात तुझ्याबद्दल दोन ओळी आहेत, की धोका माहीत असून तज्ज्ञाने वरिष्ठांना लेखी कळवलं नाही हे खेदजनक आहे. त्या दोन ओळींची प्रत मी तुझ्या कंपनीला पाठवली. म्हटल्याप्रमाणे. पोच आली आहे. तुला त्यांनी काढलं असं नीतूच्या भावाकडून ऐकलं.

पण मला पाडलं ते तू नाही. नीतूने पाडलं.

सरकारी वकिलाने १८ जूनला तिला उभं केलं. तिने आदल्या संध्याकाळी मला सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. मी म्हटलं, "तुले मोटरीतलं काय समजते?"

ती म्हणाली, "मोटरीतलं नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो."

मी केशोरावकडे धावलो. त्याने एका डॉक्टरकडून कागद आणला, बाईच्या डोक्याचा इलाज चालू आहे असा. नवऱ्याची सही लागते. मी केली. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता, म्हणून मला वाटलं कागद पाहून ती घाबरेल.

कोर्टात केशोरावने कागद पुढे केला. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "हे डॉक्टर तुम्हाला कधी भेटले?"

"कधीच नाही जी."

"आज तारीख काय?"

"अठरा जून. बुधवार." आणि मग स्वतःहून म्हणाली, "मी वेडी असती तर बावीस वर्षं याच्या घरी राहिली असती का, की वेडी होती म्हणून राहिली, ते तुम्ही ठरवा बाई."

लोक हसले. बाईंनी कागद बाजूला ठेवला.

मग तिने सगळं सांगितलं. ट्रायलच्या दिवशी तू काय म्हणालीस. मी मारलं ते. तुझ्या कानातून रक्त आलं होतं आणि तिने ते पदराने पुसलं. हे मला माहीत नव्हतं. तुझा तो कान आता कसा आहे? कोर्टात तू प्रश्न विचारणाऱ्याकडे नेहमी उजवी बाजू करत होतीस.

आणि १४ डिसेंबरचा फोन. तिने तोही सांगितला. सकाळी मी जेवणाच्या खोलीत नाश्ता करत होतो, ती समोर वाढत होती.

तिने जे सांगितलं ते खरं आहे. तुझ्याशी आता लपवून काय करू? रुचि सुट्टीसाठी बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, जबडा पुरा वर नाही जाऊन राहिला. मशीन घडोघडी थांबून राहिली. सेठ ओरडून राहिले. बंद ठेवू का?" मी म्हटलं, "वर सेन्सर आहे ना, त्याच्या तारा काढ, दोन्ही एकमेकींना जोड, मग थांबत नाही, आणि चालव." तिने विचारलं, "काही होणार तर नाही ना सर?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने बनवली का मशीन?" आणि पोहे खाल्ले. अठरा मिनिटांनी दुसरा फोन आला.

नीतू हे साडेतीन वर्षं घेऊन होती. रोज माझं ताट वाढत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, आधी काऊन नाही बोलली? ती म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही. टीनाने विचारलं." तिथूनच ती बिरसीला गेली, घरी कपडे घ्यायलाही आली नाही. मायचे कानातले तिच्या पिशवीत होते. तुझ्याकडे पोचले असतील.

घर कसं आहे विचारशील तर, विचारणार नाहीस म्हणा, मी हॉटेलातून डबा आणतो. दोन कामगार उरले. नवीन मशीनचं गिऱ्हाईक निकालानंतर फिरकलं नाही. सर्वो चांगली चालून राहिली, घेणारा कोणी नाही.

मला पश्चात्ताप झाला का, असं ग्यानीरामने कोर्टाच्या पायरीवर विचारलं. सगळ्यांसमोर. त्याने वाट पाहिली, मग टोपी घातली आणि गेला. तुला सांगतो, मला त्या पोरीचा हात आठवत नाही, मी तो पाहिलाच नाही त्या दिवशी. मला आठवते ते टेबल, त्या दोन मोटरी आणि हसलेला कामगार. त्या टेबलासमोर मी आज असतो तरी स्टेपरच लावली असती. हे लिहिताना मला लाज वाटायला पाहिजे, वाटत नाही, आणि ते कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं.

केशोरावने अपिलाचा मसुदा केला आहे. त्यात पहिला मुद्दा तुझा आहे. तज्ज्ञ इंजिनिअरने स्वतः शपथेवर दोष कबूल केला आहे, तरी खालच्या कोर्टाने तिला सोडून एकट्या मालकाला धरलं. तुझं वाक्य जसंच्या तसं टाकलं आहे, 'रुचिच्या हातात माझाही दोष आहे.' तू ते कशासाठी बोललीस ते मला माहीत आहे. केशोरावला सांगितलं नाही. त्याने विचारलं, बहीण आहे, हा मुद्दा ठेवायचा ना? मी म्हटलं, सर्वांत वर ठेवा.

परवा दाखल करतो.

इंद्रकुमार